मशीन नंतर घ्या ताई, आधी गल्लीबाहेरचं गिऱ्हाईक धरा

पत्र (थोडं कमी करून देतेय):

"नमस्कार ताई. मी सोलापूरला विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात राहते. वय ३८, शाळा चौथीपर्यंत. विड्या वळते, कारखान्याच्या कार्डावर नाव लागून ८ वर्षं ७ महिने झालेत. दिवसाला ७००-८०० होतात, हातात दीडशेच्या आसपास पडतात. आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, तो बंद पडला, आता वॉचमन आहेत, ९,००० मिळतात. दोन वर्षं झाली मी शेंगाचटणी करून गल्लीत विकते, थोड्या कडक भाकरी पण. चटणी आठवड्याला ५ किलो जाते, २८० रुपये किलो. माल १९० चा लागतो म्हणजे किलोला ९० सुटतात, पण पैसा काही दिसत नाही. १४,००० उधारी अडकलीय. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्यावर, मैत्रिणीच्या स्टॉलवर ठेवली होती तर चार दिवसात १८ किलो गेली, ते पैसे दिरांच्या गाडीला गेले. एक लोन चालू आहे, १,८५० हप्ता, अजून ११ महिने. लाडक्या बहिणीचे १,५०० त्यातच जातात. मध्ये हप्त्याला कमी पडले म्हणून कलेक्शनवाल्याकडून १०,००० घेतले होते, हातात ९,००० आले, १०० दिवस रोज १०० भरले. आता फायनान्सचे सर म्हणतात चटणी कुटायचं मशीन घ्या, ८०,००० देतो, २४ महिने ४,२७० हप्ता, महिनाअखेरपर्यंतच स्कीम आहे. दीर म्हणतात घे, सासूबाई नको म्हणतात, त्यांना वाटतं विडीच्या घरातली चटणी लोक मोठ्या प्रमाणात घेणार नाहीत. विडी सोडून पूर्ण वेळ हेच करावं का? मला हिशोब जमत नाही म्हणून विचारते."

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मग. महिनाअखेरला सही करू नका. विडीचं कार्ड आत्ता सोडू नका. आणि चटणी अजिबात बंद करू नका, कारण तुमचा धंदा चांगला आहे, तो फक्त चुकीच्या ठिकाणी विकला जातोय.

आणि ते "हिशोब जमत नाही" असं परत लिहू नका हो. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने आधी लायसन्स नाकारलं होतं, कारण काय तर अर्जावर नुसते अंगठे होते. मग त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा आणि तुमच्या साहेबांनाही सांगा, कॅल्क्युलेटर न घेता, बघू कोण आधी काढतं. १९९७ ला माणदेशी बँक सुरू झाली. तुम्ही दोन वर्षं कुणाकडे किती अडकलेत ते डोक्यात ठेवताय, किलोला किती माल लागतो ते सांगताय, हाच तर हिशोब आहे, फक्त त्यात तीन गोष्टी धरायच्या राहिल्यात.

वही घ्या आणि माझ्याबरोबर करा. ५ किलो चटणी, २८० ने १,४०० झाले. माल १९० ने ९५०. राहिले ४५०. हे तुमचे "किलोला ९०", बरोबर आहे. आता शेंगदाणे-लसूण आणायला बाजारात जाता-येताचे रिक्षाचे ६० धरूया, राहिले ३९०. मग उधारी. महिन्याला तुमची विक्री ५,६०० च्या आसपास, दोन वर्षांत अडकले १४,०००, म्हणजे महिन्याला पावणेसहाशे-सहाशे, म्हणजे दर दहा रुपयांतला एक रुपया परत येतच नाहीये. १,४०० तले १४० गेले. हातात राहिले २५०. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तुमचे हात. भाजणं, साल पाखडणं, लसूण सोलणं, कुटणं, पुड्या बांधणं, दारोदार देणं, पाच किलोला कमीत कमी आठ तास धरा. २५० भागिले ८ म्हणजे तासाला ३१ रुपये. पैसा दिसत नाही म्हणता ना, तो दिसत नाही कारण तो आहेच एवढा. महिन्याचे हजार रुपये. ते रोज दहा-वीस करत दुधात, पोरांच्या वहीत कधी जिरले कळत पण नाही.

पण दुसरी बाजू पण बघा. विडीत दिवसाचे आठ तास धरले तर दीडशेत तासाला १९ पण होत नाहीत. म्हणजे एवढी गळती होऊनसुद्धा चटणी विडीपेक्षा जास्त देतेय. म्हणून म्हणलं की धंदा चांगला आहे.

आता हेच मशीनला लावून बघा. ४,२७० चा हप्ता. आत्ताच्या हिशोबाने किलोमागे तुमच्या हातात ५० पडतात, म्हणजे नुसता हप्ता फेडायला महिन्याला ८५ किलो चटणी खपायला पाहिजे. आत्ता खपते २०. चौपट विकल्यावर तुमच्या घरात त्यातला एक रुपया यायला सुरुवात होणार, आणि तोपर्यंत तुम्ही फायनान्ससाठी कुटत बसणार. २४ हप्ते गुणिले ४,२७० म्हणजे १,०२,४८०, म्हणजे ८०,००० वर २२,४८० व्याज. मशीन कुटायचं काम पटकन करेल पण तुमचं अडलंय ते कुटण्यापाशी नाहीच, विकण्यापाशी अडलंय. मशीन चटणी विकायला जाणार नाही ना ताई.

आणि विकण्यापाशी का अडलंय ते तुमच्या पत्रातच आहे, तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहून टाकलंय. गड्ड्यावर चार दिवसात १८ किलो. गल्लीत त्याच १८ किलोला जवळजवळ महिना लागतो आणि त्यातली पण तिसरी-चौथी पुडी उधारीवर जाते. जत्रेत उधारी मागायला कोण येणार? तीच चटणी, तोच हात, तोच भाव, फरक फक्त गिऱ्हाइकाच्या खिशातला पैसा कुठून येतो त्याचा. तुमच्या गल्लीत पैसा विडीतून येतो, थोडा मागावरून, थोडा वॉचमनकी-धुणीभांड्यातून. मजुरी झाली त्या दिवशी सगळ्यांकडे असतो, आणि विडीचं पान खराब आलं किंवा कारखाना चार दिवस बंद राहिला की सगळ्यांकडे एकदमच नसतो. तुमच्या गिऱ्हाइकाची अडचण आणि तुमची अडचण एकाच दिवशी येते. मग ती उधार मागते, तुम्ही देता, आणि शेंगदाण्याला पैसे नाहीत म्हणून तुम्ही कलेक्शनवाल्याकडे जाता.

हे मला इतकं ठासून सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. माझी आई लालबागला खानावळ चालवायची. चाळीतली दहा बाय बाराची खोली, २२ माणसं जेवायला, सगळे गिरणीवाले, सगळे पगार झाला की पैसे देणारे. आईचा हात चांगला होता, माणसं टिकलेली होती, आम्हाला वाटायचं आता काही काळजी नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. पहिले दोन महिने आईने उधारीवर जेवू घातलं, कसं नाही म्हणणार, वर्षानुवर्षं एकाच घरात जेवलेली माणसं. मग एकेक जण गावाला गेला तो गेलाच. कुणी फसवलं नाही, कुणाची दानत वाईट नव्हती, पण २२ गिऱ्हाइकं असूनसुद्धा खरं म्हणजे आईला एकच गिऱ्हाईक होतं, गिरणी. ती थांबली आणि सगळं थांबलं. किराणावाल्याचं देणं फेडायला आईच्या पाटल्या गेल्या. पुढे तिने फोर्टातल्या ऑफिसवाल्यांना पोळ्या द्यायला सुरुवात केली, आधी दहा डबे मग तीस, आणि तेव्हा कुठे घर सावरलं. त्या पोळ्या काही वेगळ्या नव्हत्या, आटा पण तोच होता. पैसा वेगळ्या नळातून येत होता एवढंच.

तर तुमचं काम आता हे आहे, की दर आठवड्याला गल्लीबाहेरचा थोडा थोडा पैसा आत आणायचा. आणि यात तुम्ही नशीबवान आहात कारण तुम्ही सोलापुरात आहात. एका बाजूला अक्कलकोट, एका बाजूला तुळजापूर, तिकडे पंढरपूर, माणसं रोज येतात आणि जाताना काहीतरी घेऊन जातातच. आणि तुमचा माल असा की तो चांगला टिकतो, सांडत नाही, फ्रीज लागत नाही, पिशवीत टाकून पुणे-मुंबईला जातो. पुण्यात सोलापूरची किती पोरं शिकायला आणि नोकरीला आहेत, त्यांच्या आया त्यांना काय पाठवतात? हेच. प्रत्येक आईला उखळात कुटत बसायला वेळ नाही आता. तुमच्या ओळखीतलं ज्या ज्या घरातलं पोरगं पुण्यात आहे तिथून सुरुवात करा, एका पोराच्या रूमवर चार पोरं असतात.

पण बाहेर विकायचं तर २८० ने नाही. २०० ग्रॅमचा पुडा करा, ७० रुपये. पाच किलोचे २५ पुडे, १,७५० रुपये. माल ९५०, रिक्षा ६०, चांगल्या पिशव्या आणि स्टिकरचे वरचे ५०, राहिले ६९०. त्याच आठ तासांचे. तासाला ८६ झाले. कुठे ३१ आणि कुठे ८६, आणि मशीन आलं नाही, लोन आलं नाही. अख्खे पाच किलो लगेच रोख जाणार नाहीत, मला माहितीय. आधी दोन किलो जातील. पण त्या दोन किलोंनी तुम्हाला भाव काय ठेवायचा ते कळेल. आणि भाव सांगताना घाबरू नका. उखळात कुटलेल्या शेंगाचटणीला जे तेल सुटतं ते मिक्सरच्या कोरड्या भुकटीला नसतं, बाहेरचा माणूस त्याच तेलासाठी ७० देतो. आता सांगा, ज्याच्यासाठी माणूस पैसे देतोय तेच मशीन घेऊन बदलायचं का? उद्या कुटणं खरंच झेपेना झालं तर जवळच्या कांडपवाल्याकडे दोन किलो घेऊन जा, किलोमागे काय घेतो ते द्या, चव कशी येते बघा. दुसऱ्याचं मशीन सहा महिने वापरून बघितल्याशिवाय स्वतःचं घ्यायचं नाही, हे मी सगळ्याच बायकांना सांगते.

इथे लिज्जतची गोष्ट सांगतेच. सगळ्यांना एवढं माहितीय की १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पण मला त्यातल्या दोन बारक्या गोष्टी जास्त आवडतात. सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करायच्या, एक चांगला, एक जरा हलका आणि स्वस्त. ज्यांनी पैसे दिले होते त्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच करा, उत्तमच करा, आणि हिशोब नीट लिहा. तुम्ही पण गल्लीला एक चटणी आणि बाहेर एक असं करू नका, चटणी एकच, गल्लीत पुडा छोटा करा हवं तर. आणि दुसरी गोष्ट अशी की पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं? वाळवायचं यंत्र नाही आणलं. एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. तुमच्या कडक भाकरीला पावसाळ्यात हीच अडचण येत असणार, मऊ पडत असणार. तेव्हा जून ते सप्टेंबर चटणीवर जोर द्या आणि भाकरी ऑर्डर असेल तेवढीच करा, नाहीतर असाच काहीतरी स्वस्तातला जुगाड करा.

उधारीचं मात्र मी तुम्हाला "सगळ्यांना बंद करा" असं सांगणार नाही. असं सांगणाऱ्यांनी कधी वस्तीत दिवस काढलेले नसतात. तुमचं पोरगं आजारी पडलं तेव्हा रात्री अकराला पैसे घेऊन कोण आलं असेल, शेजारीणच ना, फायनान्सचे सर नाही आले. त्या शेजारणीला ७० रुपयाच्या पुड्यासाठी दार बंद करता येत नाही आणि करू पण नये. म्हणून उधारीला मर्यादा घाला, माणसाला नाही. एका वहीत ठरवून टाका की गल्लीत एकूण १,५०० च्या वर उधारी जाणार नाही. तेवढी भरली की कुणाचे तरी पैसे परत आल्याशिवाय नवीन उधार नाही. आणि हे तुमच्या तोंडून कठीण वाटत असेल तर बचत गटाचा नियम म्हणून सांगा, गटात असाल तर तिथे खरंच ठराव करून घ्या. "मी देत नाही" आणि "गटाने बंद केलंय" यात फार फरक पडतो, भांडण होत नाही. अडकलेल्या १४,००० साठी भांडू नका, ज्यांचं जमेल त्यांच्याकडून आठवड्याला ५०-१०० घ्या, ज्यांचं खरंच नाही जमणार त्यांना एखादा दिवस लसूण सोलायला बोलवा आणि तेवढे वजा करा. काही पैसे येणारच नाहीत. ते गेले असं धरा आणि रात्री झोपा.

मग राहिले दीर. हे जरा अवघड आहे, सासरच्या माणसांबद्दल बाहेरच्या बाईने बोलावं का असं वाटतं, पण तुम्ही लिहिलंत म्हणून बोलते. गड्ड्याचे पैसे गाडीला गेले कारण ते घरातल्याच डब्यात होते आणि घरात दिसणारा पैसा हा घराचा असतो, मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्यात दिरांची चूक काढून उपयोग नाही. दोन डबे करा, नाहीतर धंद्याचं वेगळं बँक खातं काढा आणि यूपीआय त्याच खात्याला जोडा. धंद्याच्या डब्यातून दर आठवड्याला स्वतःला मजुरी द्या, ठरलेली, समजा ३००, आणि तीच घराच्या डब्यात टाका. बाकी पैसा शेंगदाण्याचा आहे, तुमचा पण नाही. कुणी मागितला तर "उद्या माल भरायचाय" हे खरंच उत्तर आहे. आणि मालकांना हा हिशोब एकदा बसून दाखवा, त्यांनी मागावर आयुष्य काढलंय, कारखान्यात माल भरायचे पैसे संपले की काय होतं ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

कर्जाबद्दल थोडं. ते कलेक्शनवाल्याचे १०,००० तुम्हाला हजार रुपयाचं व्याज वाटलं असेल. पण तुम्हाला मिळाले ९,००० आणि दुसऱ्या दिवसापासूनच तुम्ही परत करायला लागलात, म्हणजे सरासरी बघितलं तर शंभर दिवस तुमच्याकडे साडेचार हजारच होते. त्याच्यावर हजार, तेही तीन महिन्यात. वर्षाचं काढलं तर ७५ टक्क्यांच्या वर जातं. मशीनच्या लोनने हप्ते तिपटीच्या वर गेले की तुम्ही पुन्हा त्याच दारात जाणार, म्हणूनच मी त्या सहीला एवढी घाबरते. सरांनी तुम्हाला नियमात बसतंय असं सांगितलं असेल आणि ते खोटं नाही. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. तुमची कमाई सगळी धरून १५,१०० च्या आसपास, दोन्ही हप्ते मिळून ६,१२०, म्हणजे चाळीस टक्के. बसतंय नियमात. पण उरलेल्या ९,००० मध्ये तुमचं घर बसतंय का हे रिझर्व्ह बँक बघत नाही, ते तुम्हीच बघायचं. त्याच नियमात आणखी आहे ते पण लक्षात ठेवा: व्याज आणि सगळे खर्च लिहिलेला कागद त्यांनी द्यायलाच लागतो, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर दारात यायचं नाही. "महिनाअखेरपर्यंतच" ही घाई त्यांच्या टार्गेटची आहे, तुमच्या चटणीची नाही.

हे ११ महिने संपू द्या. तोपर्यंत लाडक्या बहिणीच्या पैशातले निदान ५०० शेंगदाण्याच्या डब्यात जातील असं बघा, हप्त्याची उणीव बाहेरच्या विक्रीतून भरायची. मग पैसे लागलेच तर ते मशीनला नको, मालाला घ्या. नवीन शेंग बाजारात येते तेव्हा एकदम भरला तर किलोमागे चार पैसे वाचतात. तुम्ही बाजारात बसून विकत असाल तर महापालिकेत जाऊन पीएम स्वनिधीची चौकशी करा, पथविक्रेत्यांना पहिलं कर्ज १५,००० पर्यंत मिळतं, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज सरकार परत देतं, आणि ते फेडल्यावर पुढचं २५,००० चं. मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५०,००० पर्यंत विनातारण आहे, पण ती पुढची गोष्ट. एक दिवस पाच-सहा जणी मिळून खरंच मशीनपर्यंत आलात तर छोट्या खाद्य उद्योगांसाठी केंद्राची ३५ टक्के अनुदानाची योजना २०२० ला सुरू झाली, तेव्हा कृषी विभागाच्या ऑफिसात अर्ज चालू आहेत का ते विचारायचं. एकटीने आज नाही.

कागदपत्रं दोनच. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, छोट्या धंद्याला मोठं लायसन्स लागत नाही, साध्या नोंदणीत भागतं, १४ आकडी नंबर मिळतो तो स्टिकरवर टाका, दुकानदार आधी तोच बघतो. आणि उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते, सायबरवाला हजार-दोन हजार मागेल त्याला देऊ नका, कुठल्या तरी कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता विडी. तुम्हाला ते काम सोडायचंय हे मला कळतं, पाठ, डोळे, खोकला, कोण सांगेल ते वर्षानुवर्षं करा म्हणून. पण तुमच्या कार्डावर ८ वर्षं ७ महिने झालेत आणि पीएफबरोबर जी पेन्शन असते तिला १० वर्षांची नोकरी लागते. त्याच्या आत सोडलंत तर जमा झालेले थोडेफार पैसे हातात मिळतील पण ५८ नंतरची महिन्याची पेन्शन मिळणार नाही. पेन्शन फार मोठी नसते, माहितीय, पण म्हातारपणी कुणापुढे हात न पसरता येणारे हजार रुपये पण काय असतात ते तुमच्या सासूबाईंना विचारा. म्हणून अजून साधारण दीड वर्ष कार्ड चालू ठेवा, विड्या कमी करा हवं तर, पण नाव आणि पीएफची नोंद तुटू देऊ नका. आणि आजच मोबाईलवर नाहीतर युनियनच्या ऑफिसात जाऊन पासबुक बघा, तुमच्या नावावर खरंच दर महिन्याला पैसे जमा होतायत का आणि वर्षं किती धरलीत. बऱ्याच जणींना वाटतं होतायत, आणि बघितल्यावर मध्ये वर्षभराची खिंडार निघते. तसं असेल तर युनियनवाल्यांना लगेच सांगा, उशीर करू नका.

सासूबाईंचं मात्र मला अगदी पटलं. त्यांनी फार महत्त्वाचं सांगितलंय आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. तंबाखूची भुकटी बोटात, पदरात, हवेत असते, आणि ज्या मांडीवरच्या सुपात विड्या वळता तेच सूप झटकून शेंगदाण्याची सालं पाखडायला घेत असाल, तर ते आजपासून बंद. चटणीच्या दिवशी विडी नाही, आठवड्याचे दोन दिवस ठरवून टाका. विडीचं सगळं सामान बाहेरच्या बाजूला, एका पेटीत झाकून. चटणी करताना धुतलेली साडी, डोक्याला फडकं, हात साबणाने कोपरापर्यंत. पाखडायला नवीन सूप आणा, त्याच्या कडेला लाल दोरा बांधा म्हणजे घाईत पण चुकणार नाही, आणि ते सासूबाईंच्या ताब्यात द्या. चव बघायचं काम पण त्यांनाच द्या, पुडे बंद करायच्या आधी. पुढच्या गड्ड्याला अजून वेळ आहे, मैत्रिणीला आत्ताच सांगून ठेवा की या वेळी अर्ध्या स्टॉलचं भाडं तुम्ही देणार, आणि तोपर्यंत पुण्याच्या पोरांचा काय अनुभव येतो ते मला कळवा.